रोज एक वाक्य

बांबोळीच्या इस्पितळात, तिसऱ्या मजल्यावर
बाबांना रोज सकाळी एक वाक्य लिहायला लावतात.
कुठलंही. डॉक्टर अक्षर बघतात, अर्थ नाही.
बाबा बोलतात कोंकणी, लिहितात मराठी,
चोडणच्या शाळेत शिकले तशी, काना-मात्रा ठासून.
पहिल्या दिवशी लिहिलं:
भरती आली, मानशीचे दार मिटले.

चाळीस वर्षं त्यांनी खाजनाची मानस राखली.
ओहोटीला दार आपणच उघडतं,
भरतीच्या रेट्यानं आपणच बंद होतं.
माणसानं फक्त जागं राहायचं
आणि बांधावरून अनवाणी चालायचं.
कुर्लीनं कुठे बीळ पाडलंय
ते डोळ्याआधी तळव्याला कळतं.

रक्तातलं कळलं नाही.
तीन वर्षं औषधं लिंपली,
दर वेळी शेजारून नवं पाणी.

मग डॉक्टर इव्हेटनं कागदावर चित्र काढलं.
तुमच्याच रक्तातले राखणदार बाहेर काढायचे,
त्यांना एक खूण शिकवायची, एकोणीस नंबरची.
आणि शिकवण आत पोचवणार कोण? तर व्हायरस.
बाबांनी पेन खाली ठेवलं.
"तो एड्साचो न्हय?"
"त्याच घराण्यातला," ती म्हणाली. लपवलं नाही.
"पण आतलं वाईट सगळं काढून टाकलेला.
त्याचा वंश वाढत नाही."

फेरीबोटीत बाबा गप्प.
रायबंदरचा धक्का सुटल्यावर म्हणाले,
काकाचं व्होडें आठवतं?
पोर्तुगिजांच्या काळात रात्रीचा चोरटा माल आणायचं,
नंतर त्याच व्होड्यातनं शाळेची बाकं आली.
"व्होडें तेंच. वाटो त्योच. माल बदल्लो."
दुसऱ्या दिवशी सही केली.

दाबोळीहून रक्त विमानात चढलं.
"हांव केन्नाच बसूंक ना," बाबा हसले, "म्हजें रगत बसलें."
कुठल्याशा परशहरी, काचेमागे,
रिकाम्या केलेल्या लाखो होड्या
बाबांच्या पेशींच्या काठाला लागल्या,
प्रत्येकीनं आपला एकच कागद
आतल्या वहीत शिवून टाकला
आणि तिथेच विरघळून गेली.
हे मी वाचलेलं. बघायला कोण होतं?

सव्वीस दिवसांनी पिशवी परत आली,
थंडीनं वाफाळत.
पंधरा मिनिटांत संपलीसुद्धा.
खोलीभर लसणीचा वास;
बाबा म्हणाले, कोण फोडणी दिता गो?

मी जिन्यात इव्हेटला गाठलं.
ती खूण चांगल्या पेशींवरही असते ना? त्यांचं काय?
"त्याही जातील."
ती आणखी काही बोलेल म्हणून मी थांबले.

चौथ्या रात्री ताप चढला, एकशे चार.
नर्स धावल्या. इव्हेट म्हणाली, त्यांनी ओळखलंय.
मी पायथ्याशी बसून तळवे पुसत राहिले,
चिखलानं चिरलेले, खाऱ्या पाण्यानं पिकलेले.

पाचव्या सकाळी वहीत:
भरती भरती भर
आणि पुढे रेघ, तिरकी, पानाबाहेर,
कुर्ली पळावी तशी.
सहाव्या दिवशी पेनच धरता आलं नाही.
मला विचारलं, मी कोण; त्यांना नाव सापडेना.
त्या दिवसाचं वाक्य मी लिहिलं, त्यांच्या पानावर,
मग खोडलं.
माझं अक्षर कोण तपासणार होतं?

नवव्या दिवशी त्यांनी आपणहून वही मागितली.
हळूहळू, एकेक काना उभा करत:
आज पेजेला मीठ नव्हते.
इव्हेटनं पुरे गुण दिले.

तपासणी महिन्यानं.
तोवर कुणी काही सांगत नाही, आम्हीही विचारत नाही.
चोडणला मानशीवर सध्या आग्नेलो जागतो.
काल रात्री त्याचा फोन आला:
दार नीट मिटलं की नाही
काळोखात कसं कळायचं?
मी फोन बाबांच्या कानाला लावला.